दार किती फुटांचं होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉन्सर्ट अर्ध्यातच बंद पडली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते. ‘चाहते बेभान’, ‘तरुणाईचा उन्माद’, ‘हुल्लडबाजीमुळे कार्यक्रम गुंडाळला’, आणि सोबत मोडक्या खुर्च्यांचा फोटो. एवढी माणसं आत आली कशी, दार किती फुटांचं होतं, पास किती छापले होते, यातलं काही त्या बातमीत सापडत नाही. दिवाळीनंतर आपल्याकडं गॅदरिंग, महोत्सव आणि वाढदिवसांचे ‘लाइव्ह’ कार्यक्रम यांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी स्टेज, साउंड, मांडव आणि दारावरचा बंदोबस्त ही कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांचा हिशोब वाचकांसमोर यावा, म्हणून हे पत्र.

जगातली पहिली रॉक कॉन्सर्ट म्हणून जिचं नाव घेतात, तीही अशीच गुंडाळली गेली होती. २१ मार्च १९५२, अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. अ‍ॅलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचा ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’. सभागृहाची क्षमता जेमतेम दहा हजार, दारावर आले सुमारे वीस हजार. दरवाजे मोडले, आणि सॅक्सोफोनवादक पॉल विल्यम्सचं पहिलं गाणं होतं न होतं तोच अधिकाऱ्यांनी कार्यक्रम बंद केला. खापर पोरांवर फुटलं. गडबड मात्र तिकिटांत होती. पुढच्या कार्यक्रमाच्या तिकिटांवर छपाईच्या चुकीनं तीच तारीख पडली होती आणि त्यात बनावट तिकिटांची भर होती, असं सांगतात. तिकीट हातात असलेला माणूस दारात अडवला गेला की तो दार ढकलणार. त्याला उन्माद कसं म्हणायचं?

या बाबतीत मराठी शब्द इंग्रजी आणि हिंदीपेक्षा नेमका आहे. ‘स्टॅम्पीड’ किंवा ‘भगदड’ म्हटलं की पळणारी माणसं डोळ्यांपुढं येतात. आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो, आणि घडतं तेच. माणसं पळत नसतात, त्यांना हलायला जागाच नसते. मृत्यूही बहुतेक वेळा तुडवल्यानं येत नाही. चारी बाजूंनी दाब आल्यावर छाती फुगत नाही, श्वास आत जात नाही, माणूस उभ्या उभ्या बेशुद्ध होतो. दाब तसाच राहिला तर सुमारे सहा मिनिटांत जीव जातो. ‘गाणं संपल्यावर बघू’ म्हणणाऱ्यानं ही सहा मिनिटं लक्षात ठेवावीत.

दाब येतो कुठून? एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं असतील तर हातपाय मोकळे राहतात. चार झाली की खांद्याला खांदा लागतो, तरी आपल्या मर्जीनं हलता येतं. पाचाच्या पुढं मर्जी संपते. सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वागते, असं गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलं आहे. मागून आलेला एक धक्का लाटेसारखा पुढं जातो आणि माणसाला तीन मीटर किंवा त्याहून लांब नेऊन टाकतो. माणूस अक्षरशः चपलेतून उचलला जातो. अशा दुर्घटनांनंतर वाकलेले लोखंडी कठडे तपासले, तेव्हा त्यांच्यावर ४,५०० न्यूटनपेक्षा जास्त जोर आल्याचं दिसलं. म्हणजे साडेचारशे किलोंहून अधिक वजनाचा भार. आपल्याकडं स्टेजपुढं लावतात ते रस्त्यावरचे हलके पोलिसी बॅरिकेड, नाहीतर सुतळीनं बांधलेल्या बल्ल्या.

आता मैदानाचा हिशोब. समजा ८० मीटर रुंद आणि ७५ मीटर लांब मैदान घेतलं, म्हणजे ६,००० चौरस मीटर. आयोजक म्हणतो, ‘मीटरला चार धरा, चोवीस हजार सहज मावतील.’ हा आकडा फ्लेक्सवर जातो, प्रायोजकाला सांगितला जातो आणि तेवढे पासही छापले जातात. प्रत्यक्षात स्टेज, त्याच्या दोन्ही बाजूंच्या एलईडी भिंती, मागचे कपडे बदलायचे तंबू आणि जनरेटर यांत १५ मीटरचा अख्खा पट्टा जातो, म्हणजे १,२०० चौरस मीटर. कन्सोलचा, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या टेबलाचा ओटा, साउंडचे मनोरे, खाण्याचे स्टॉल, पाणी, शौचालयं, प्रथमोपचार, चार-चार मीटरच्या मोकळ्या वाटा आणि जिथून स्टेज दिसतच नाही असे कोपरे वजा केले की उरतात साडेतीन हजार चौरस मीटर. उभ्यानं बघायच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमाला माणशी अर्धा चौरस मीटर धरतात. म्हणजे ७,००० माणसं. चोवीस हजार आणि सात हजार यांतला फरक चाहत्यांनी केलेला नाही.

शिवाय सात हजार माणसं मैदानभर सारखी पसरत नाहीत. पुढं मीटरला सहा, मागं मीटरला एक, अशी ती उभी राहतात. म्हणून नुसती आत गेलेल्यांची मोजणी पुरत नाही, पुढची घनता वेगळी बघावी लागते. त्याला साधा उपाय आहे. कबड्डीच्या मैदानाला मारतात त्या फक्कीनं स्टेजपुढं पाच-सहा ठिकाणी दोन मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखायचे. गर्दी उभी राहिल्यावर रेघा दिसत नाहीत, पण बाजूच्या खांबाला लावलेल्या रंगीत पट्टीवरून जागा कळते. उंचावर बसलेल्या माणसानं त्यातली डोकी मोजायची. आठ म्हणजे ठीक. सोळाला बिनतारी यंत्रावरून कळवायचं. वीसला त्या बाजूला जाणारी वाट बंद करायची. हे काम दोघांना द्यावं, आणि गाण्याचा नाद नसलेल्या दोघांना द्यावं, म्हणजे त्यांची नजर स्टेजकडं वळत नाही.

दाराचा हिशोब याहून सोपा, आणि तोच कुणी करत नाही. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या मोकळ्या दारातून मिनिटाला फार तर ८२ माणसं बाहेर पडतात, असं इंग्लंडच्या क्रीडा मैदानांसाठीच्या मार्गदर्शिकेत धरलं आहे. पायऱ्या असतील तर ६६. सात हजारांना आठ मिनिटांत बाहेर काढायचं तर पावणेअकरा मीटर, म्हणजे सुमारे ३५ फूट रुंदीची दारं हवीत. त्यातलं सगळ्यात मोठं दार ऐन वेळी बंद पडेल असं गृहीत धरून हे ३५ फूट बाकीच्या दारांतून भरले पाहिजेत. चार-चार मीटरची चार दारं असतील तर एक गेलं तरी भागतं. पाच मीटरचं एकच दार असेल तर सतरा मिनिटं लागतात. ही रुंदी मोकळी मोजायची. कमान सोळा फुटांची आणि तिच्या पोटात मेटल डिटेक्टरच्या दोन चौकटी, पायात केबल, बाजूला कनातीचे ताण दिलेले दोर आणि बाहेर वडापावची गाडी असेल, तर ते दार सोळा फुटांचं राहत नाही. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात चार जण गेले. खुलं सभागृह, आत जायला एकच दार, पुढं उताराच्या पायऱ्या, आणि पाऊस आल्यावर बाहेरचे आडोशासाठी आत घुसले. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ जण गेले, तेव्हाही पाऊस, अरुंद जिना आणि थांबलेली गर्दी. तिथं कुठलं गाणं वाजत होतं?

आत येतानाचा वेग वेगळा असतो. पासवरचा क्यूआर तपासणं, खिसे आणि पिशवी बघणं, याला माणशी दहा सेकंद तरी लागतात. एका रांगेतून तासाला ३६० माणसं. लोक शेवटच्या तासात येतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. सात हजारांतले सत्तर टक्के, म्हणजे ४,९०० जण शेवटच्या तासात आले, तर चौदा रांगा लागतील, त्यातल्या बायकांच्या वेगळ्या. सहाच रांगा लावल्या तर कार्यक्रम सुरू होताना २,७०० च्या वर माणसं दाराबाहेर पास हातात धरून उभी असतील. अशा वेळी आत बेसचा पहिला ठोका पडला की काय होतं, ते ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात दिसलं. ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाला थोडीच दारं उघडली होती. आतून साउंड चेकचा आवाज आला, बाहेरच्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, आणि ११ जण गेले. म्हणून दारं उघडल्यावर साउंड चेक करायचा नाही, तो दुपारीच उरकायचा. आणि बाहेर रांग लांब असेल तर सुरुवात वीस मिनिटं पुढं ढकलून ते बाहेरच्या स्पीकरवरून सांगायचं. आतले शिट्ट्या मारतील, मारू द्यावं.

दारावरची रांग समोरासमोर सरळ नको, नागमोडी हवी. पंढरपूरच्या दर्शनबारीकडं बघा. आषाढीला गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत रांग जाते, पण ती वळणावळणानं आणि टप्प्याटप्प्यानं पुढं सोडली जाते, त्यामुळं मागच्या माणसाचं वजन मंदिराच्या दारावर येत नाही. सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेतही सोलापूरकर अफाट गर्दीत वावरतात. पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीची गर्दी ध्वजांबरोबर पुढं सरकत असते, कॉन्सर्टची गर्दी एकाच जागी एकाच दिशेनं दाबत राहते. ‘गड्ड्याला एवढे लोक येतात, काही होत नाही’ हा युक्तिवाद म्हणून इथं लागू पडत नाही.

पास हे आपल्याकडचं खरं दुखणं. तिकिटं कमी विकली जातात आणि फुकट पास जास्त वाटले जातात. प्रायोजकाचे, नगरसेवकाचे, मंडळाचे, वाटून उरले तर कार्यकर्त्याच्या मित्रांचे. त्यांच्या झेरॉक्स निघतात, क्यूआरचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. एक क्यूआर एकदाच चालेल अशी सोय नसेल तर तो शंभर वेळा चालतो, आणि इंटरनेट गेलं की तपासनीस हातानंच आत सोडायला लागतो. तपासणीचं यंत्र इंटरनेटशिवायही चालणारं घ्यावं. सात हजार क्षमतेत कलाकारांची माणसं, स्टॉलवाले, पोलीस, पत्रकार, स्वयंसेवक धरले तर तीनशे जागा तिथंच जातात. थोडं हातचं राखून छापायचे ते साडेसहा हजार, त्यात तिकीट आणि पास दोन्ही आले. पूर्ण फुकट कार्यक्रम सगळ्यात धोक्याचा, कारण तिथं आकडाच नसतो. तिथं प्रत्येक रांगेवर हातातला मोजणीचा क्लिकर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांची बेरीज एका वहीत लिहायची. ऐंशी टक्क्यांना पोलिसांना कळवायचं. पंचाण्णव टक्क्यांना प्रवेश बंद. पण ‘प्रवेश बंद’ची पाटी दारावर लावून उपयोग नाही, ती आधीच्या चौकात हवी, म्हणजे माणूस दारापर्यंत पोचतच नाही. ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ११ जण गेले ते दरवाज्यांबाहेरच.

आता स्टेजपुढची रचना. तिथं चालतो तो इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा, मागं टेकू आणि पुढं पत्र्याची पायरी असलेला लोखंडी कठडा. गर्दी त्या पत्र्यावर उभी राहते आणि तिच्याच वजनानं कठडा घट्ट बसतो, जितका दाब जास्त तितका. आपल्याकडच्या बॅरिकेडचे पाय बाहेर आलेले असतात, ते आधी कुणाच्या तरी पायात अडकतात आणि मग उलटतात. कठड्याची रेघ गर्दीच्या बाजूला किंचित फुगलेली ठेवावी, म्हणजे दाब दोन्ही कडांना निघून जातो. आत वळलेला कोपरा कुठंही नको, कोपऱ्यात माणूस अडकला की त्याला निघता येत नाही. कठडा आणि स्टेज यांच्यामध्ये किमान दीड मीटर मोकळी पट्टी हवी, जमलं तर तीन. तिथं उभा असलेला माणूस गर्दीकडं तोंड करून असला पाहिजे. ती पट्टी फोटोग्राफर, पुढाऱ्यांचे पुतणे आणि व्हिडिओ काढणाऱ्यांनी भरून टाकली, की चक्कर आलेल्या पोरीला उचलून बाजूनं न्यायला वाट राहत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना बाहेर जायची वाट, तिथं वीस लिटरचे पाण्याचे जार आणि कागदी पेले. दुपारी चारपासून उन्हात पुढची जागा धरून बसलेली पोरं आठ वाजता कोसळतात ती प्रेमानं कमी आणि पाण्यावाचून जास्त.

मागचे पुढं का ढकलतात? बहुतेक वेळा त्यांना ऐकू येत नाही आणि दिसत नाही म्हणून. हे आमच्या साउंडवाल्यांचं पाप आहे. सगळे टॉप-बेस स्पीकर स्टेजजवळ रचून आवाज चढवत नेला की पुढच्यांचे कान फुटतात आणि पन्नास मीटरवर नुसती गुणगुण पोचते. स्टेजपासून ४५ मीटरवर दोन मनोरे उभे करून त्यांना १३० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे उशीर दिला, तर मागं गाणं स्वच्छ ऐकू येतं, कारण हवेत आवाजाला तेवढं अंतर कापायला तेवढाच वेळ लागतो. त्याच मनोऱ्यावर एक एलईडी पडदा टांगला की मागचा माणूस मागंच रमतो. भाडं वाढतं, हे खरं. पण फुलांच्या कमानी आणि ड्रोनच्या चित्रीकरणाला पैसे असतात आणि डिलेच्या मनोऱ्याला नसतात, हे कोटेशन खोडताना नेहमी दिसतं. मनोऱ्यांना खालून अडीच मीटरपर्यंत प्लायवूड ठोकायचं, नाहीतर पोरं चढतात.

मान्यवरांच्या सोफ्यांबद्दल न लिहिलेलं बरं, पण कार्यक्रम बंद पडायचं निम्मं मूळ तिथं आहे. स्टेजपुढची सगळ्यात चांगली जागा सोफे आणि खुर्च्यांना दिली जाते, साडेआठपर्यंत ती रिकामी असते, आणि तिच्यामागं कठड्याला दाबून दोन हजार पोरं उभी असतात. रिकामी जागा बघून ती आत उड्या मारतात. मग बाऊन्सर धावतात आणि सुट्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पायात येतात. खुर्च्या ठेवायच्याच असतील तर चार-चार एकत्र बांधून, आणि बाजूला. मान्यवरांची गाडी संकटकालीन दारातून आत आणू नये. एकदा आणली की ती तिथंच उभी राहते.

वेळेचाही एक सापळा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. आयोजक सत्कार आणि भाषणं लांबवतो, मुख्य कलाकार सव्वानऊला स्टेजवर येतो, लोक तापतात, आणि दहाला पोलीस वायर काढायला लावतात. तीन तास ताटकळलेल्यांना पाऊण तास गाणं मिळालं, तर खुर्च्या उडणारच. कलाकार आठला स्टेजवर, नऊ चाळीसला ‘आता शेवटचं’, आणि पुढची वीस मिनिटं दिवे लावून मंद संगीतावर बाहेर पडणं, एवढं वेळापत्रक परवान्यात लिहून घेता येतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालचे नियम त्यासाठीच आहेत.

एवढं करूनही गर्दी वाढली तर कार्यक्रम थांबवावा लागतो. थांबवणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ते चुकीच्या पद्धतीनं केलं तर धोका वाढतो. आपल्याकडं कुणीतरी अधिकारी चिडतो, साउंडवाल्याला दम देतो, मेन स्विच पडतो. अंधार, शांतता, मग दहा हजारांची आरोळी. मागच्यांना वाटतं जनरेटर गेला, म्हणून ते पुढं सरकतात. पुढच्यांना श्वास नसतो. दाराकडच्यांना वाटतं आग लागली.

क्रम असा हवा. आधी मैदानावरचे पांढरे दिवे पूर्ण लावायचे, स्टेजवरचे रंगीत आणि फिरते दिवे बंद. मग गाणं पाच-दहा सेकंदांत हळूहळू खाली आणायचं. माइक चालू ठेवायचा, त्याला स्वतंत्र बॅटरीचा आधार हवा, आणि तो बंद पडला तर हातातले भोंगे तयार हवेत. बोलायचं कलाकारानं, कारण गर्दी त्याचंच ऐकते. सोलापुरी ‘बे’ लावून वसकन ओरडणाऱ्या बाऊन्सरला कुणी भीक घालत नाही. वाक्यं आधी लिहून कलाकाराच्या पायाजवळच्या मॉनिटर स्पीकरवर चिकटवलेली असावीत: ‘गाणं थोडा वेळ थांबवतोय. सगळ्यात मागं उभे आहेत त्यांनी आधी वळा आणि दहा पावलं चाला. मग मधल्यांनी. पुढच्यांनी जागेवर थांबा. कुणी खाली पडलं असेल तर आजूबाजूच्यांनी दोन्ही हात वर करा.’ हे मराठीत, मग हिंदीत, आणि सोलापुरात कन्नड आणि तेलुगूतही सांगितलं तर कुणाचं बिघडत नाही. सुरुवात मागच्यांपासून करायची. पुढच्याला ‘मागं सर’ म्हणून तो सरणार कुठं? ३० जून २००० ला डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडचा गायक एडी वेडर यानं गर्दीला तीन पावलं मागं सरायला सांगितलं होतं. तोवर चिखलात माणसं खाली गेलेली होती, ९ जण गेले. कलाकारानं गर्दी सैल होईपर्यंत स्टेजवरच थांबायचं. तो मागच्या दारानं गाडीत बसून निघून गेला, की त्याला बघायला अख्खी गर्दी त्या दाराकडं वळते.

थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे आधी लिहून ठेवावं लागतं. तीन नावं पुरेत: बंदोबस्ताचा प्रमुख, आयोजकाचा एक माणूस, पोलिसांचा एक अधिकारी. तिघांपैकी कुणीही ठरलेला शब्द उच्चारला की कन्सोलवरच्या माणसानं कारण न विचारता फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घ्यायचा. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनमधल्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात मोठी दुर्घटना झाल्याचं ९ वाजून ३८ मिनिटांनी जाहीर झालं, आणि त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ गाणं सुरू होतं. १० जीव गेले, सगळ्यात लहान नऊ वर्षांचा होता.

पुन्हा सुरू करायचं की नाही, हे फक्कीच्या चौकोनातली डोकी मोजून ठरवावं. रद्दच करायचं असेल तर तिकिटाचे पैसे कधी आणि कसे परत मिळणार, ते त्याच माइकवरून सांगायचं. ते सांगितलं नाही की स्टेजवर बाटल्या येतात. दारं आतून उघडी, लाठी नाही, दिवे शेवटचा माणूस जाईपर्यंत चालू. अमेरिकी संहितेप्रमाणं २५० माणसांमागं एक शिकवलेला गर्दी-नियंत्रक धरतात, म्हणजे सात हजारांना २८. ‘शिकवलेला’ हा शब्द महत्त्वाचा. काळे टी-शर्ट वाटून तो होत नाही. त्याला आपलं दार, आपली वाट आणि तो ठरलेला शब्द माहीत पाहिजे, आणि छातीवर दाब देऊन रक्त कसं फिरतं ठेवायचं हे एकदा तरी पुतळ्यावर करून बघितलेलं पाहिजे. मांडवाच्या आगीबाबत भारतीय मानक ८७५८ आहे, ते मांडववाल्यांनी वाचावं. काळ्या मातीच्या मैदानावर धूळ बसवायला टँकर आदल्या दिवशी मारावा. तासभर आधी मारला तर त्याचा चिखलच होतो. रुग्णवाहिकेची वाट माणसांच्या वाटेहून वेगळी असावी.

संपादक महाशय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती. असा कार्यक्रम पुन्हा बंद पडला तर परवान्याच्या अर्जातली क्षमता, छापलेल्या पासांचा आकडा आणि दारांची मोकळी रुंदी विचारून छापावी. हे तिन्ही आकडे कुणाकडं तरी कागदावर असायलाच हवेत. नसतील, तर तेही छापावं.

आणि आयोजकांना एक काम. मैदान रिकामं झाल्यावर झाडूवाले यायच्या आत स्टेजपुढं सुटून पडलेल्या चपला-बुटांचे वरून फोटो काढून ठेवा. ढीग जिथं असेल तिथं माणसं पायांवर उभी नव्हती, उचलली गेली होती. पुढच्या वेळी कठड्याचं वळण, पहिला फक्कीचा चौकोन आणि पाण्याचे जार त्याच जागी लावा.

आपले,
स्टेज, साउंड आणि मांडव व्यवसायातील काही जण,
सोलापूर